नोटगेल्ड : चिल्लर संपली तेव्हा जर्मन गावांनी छापलेल्या नोटा

पडवीतला वाचक

नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे माझा मुक्काम लाइपझिगमध्ये आहे. गेल्या महिन्यात इथल्या जुन्या बाजारात एका आजोबांकडे सिगारची एक लाकडी पेटी दिसली. झाकण उघडून पाहिले तर आत रबराने बांधलेल्या एक्केचाळीस छोट्या नोटा होत्या. मला खरे तर पेटीच हवी होती, पण "आतल्या कागदांसकट बारा युरो, वेगळे करणार नाही," असे आजोबांनी निक्षून सांगितल्यामुळे दोन्ही घरी आले, आणि तेव्हापासून संध्याकाळचा बराच वेळ त्या कागदांतच जातो आहे.

यांतील बहुतेक नोटा पत्त्याच्या पानाएवढ्या आहेत. प्रत्येकीवर कुठल्या ना कुठल्या गावाचे नाव, नगराध्यक्षाची छापील सही, लाल किंवा काळ्या शाईतला क्रमांक आणि २५, ५० किंवा ७५ फेनिग असे मूल्य आहे. (शंभर फेनिग म्हणजे एक मार्क.) हामेल्न गावच्या नोटेवर अर्थातच पुंगीवाला आणि उंदीर आहेत. नाउमबुर्गच्या नोटांवर मुलांच्या काळ्या छायाकृती आहेत, कारण हुसाइट, म्हणजे बोहेमियातल्या यान हुस या धर्मसुधारकाच्या अनुयायांच्या, सैन्याने शहराला वेढा घातला असता मुलांनीच सेनापतीपुढे जाऊन दया मागितली आणि त्याने त्यांना चेरी देऊन वेढा उठवला, अशी तिथली दंतकथा आहे. एक नोट मात्र या सगळ्यांत विजोड आहे. तिच्यावर चित्र नाही, मागची बाजू कोरी आहे, चार घड्यांवर कागद फाटायला आला आहे आणि मधोमध दोन भोके आहेत.

या नोटांना जर्मन भाषेत नोटगेल्ड म्हणतात. मी वाचून जे समजून घेतले ते थोडक्यात मांडतो. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ४ ऑगस्टच्या कायद्याने नोटेच्या बदल्यात सोने देण्याचे बंधन राइशबँकेवरून, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेवरून, काढून टाकण्यात आले. लोकांना याचा अर्थ सांगावा लागला नाही. सोन्याचीच नव्हे तर चांदीचीही नाणी रातोरात घरोघरच्या फडताळांत आणि गाद्यांखाली गेली. कारखानदाराकडे पगारापुरत्या मोठ्या नोटा होत्या, पण मजुराच्या हातावर ठेवायला मोड नव्हती. मजुराने बंदी नोट नेली तर पाववाल्याकडे परत द्यायला खुर्दा नव्हता. अशा वेळी पूर्व प्रशिया, सायलेशिया आणि अल्सास या सीमेलगतच्या भागांतील नगरपालिकांनी आणि कारखान्यांनी साध्या जाड कागदावर, अनेकदा एकाच बाजूने छापून, वर रबरी शिक्का आणि हाताची सही करून एक-दोन मार्कांच्या चिठ्ठ्या काढल्या. सरकारने लवकरच एक आणि दोन मार्कांच्या कर्जरोखे-नोटा बाजारात आणल्या आणि हा पहिला पूर ओसरला.

खरी टंचाई पुढे आली, आणि तिचे कारण साठेबाजीइतकेच धातू हेही होते. निकेल आणि तांबे तोफगोळ्यांच्या कारखान्यांना हवे होते. पाच आणि दहा फेनिगची नाणी १९१५ पासून लोखंडाची निघू लागली, दहा फेनिगचे नाणे नंतर जस्ताचेही निघाले, एक फेनिगचे नाणे ॲल्युमिनियमचे झाले, आणि तरीही ती पुरेनात. त्यामुळे १९१६ नंतर शेकडो गावांनी आपापल्या सुट्या पैशांच्या नोटा छापल्या. काहींनी तर लोखंडाची आणि जस्ताची स्वतःची नाणीही पाडली. १९१८ च्या शरद ऋतूत युद्ध हरल्याची चिन्हे दिसू लागताच लोकांनी बँकांतून पैसे काढण्याचा सपाटा लावला. तेव्हा राइशबँकेची छपाई अपुरी पडली आणि पाच, दहा, वीस, पन्नास मार्कांच्या मोठ्या नोटा छापण्याची विनंती तिनेच शहरांना केली.

माझ्याकडच्या चाळीस सुबक नोटा याच टंचाईतल्या असाव्यात असा माझा समज आहे. दोन गोष्टी जाणकारांना विचारायच्या आहेत. या नोटांनी खरोखर पाव आणि बटाटे विकत मिळत होते का? आणि त्या मळक्या नोटेला भोके का पाडली असावीत?

अनुस्वार

विषय सर्वस्वी नवा आहे, त्यामुळे केवळ शब्दाविषयी लिहितो. मराठी वाचकाला "नोटगेल्ड" हा शब्द "नोटेचा पैसा" असा वाचावासा वाटेल, पण त्यातल्या "नोट"चा आपल्या कागदी नोटेशी संबंध नाही. जर्मन भाषेत त्या शब्दाचा अर्थ निकड, अडचण, ओढगस्त असा आहे. उच्चारही शेवटी "ट"कडे झुकणारा, म्हणजे "नोटगेल्ट" असा होतो. "निकडीचा पैसा" असे त्याचे सरळ मराठी करता येईल.

खुर्दा

धागा उत्तम आहे, मात्र आपल्या समजात एक मोठी दुरुस्ती करणे भाग आहे. मी वीस वर्षे कागदी चलन जमवतो आहे आणि सुरुवातीला माझीही नेमकी हीच फसगत झाली होती.

आपल्याकडच्या चाळीस नोटांवरची तारीख पाहा. ती १९२१ किंवा १९२२ ची निघेल. तोवर सुट्या पैशांची टंचाई बरीच निवळली होती. १९१९ पासून ५० फेनिगचे ॲल्युमिनियमचे नाणेही मोठ्या प्रमाणावर बाजारात होते. मग या नोटा का निघाल्या, याचे उत्तर गावाच्या तिजोरीत आहे.

युद्धकाळातल्या नोटा लोकांनी कौतुकाने जपून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा पालिकांच्या एक गोष्ट ध्यानात आली. नोट म्हणजे गावाने लिहून दिलेली हुंडी. ती घेऊन कोणी पालिकेच्या खिडकीशी आला तर तेवढे मार्क मोजून द्यावे लागतात. पण ती कोणाच्या वहीत कायमची चिकटून बसली, तर छपाईचा खर्च वजा जाता उरलेली सगळी रक्कम गावाची झाली. परत न मागितले जाणारे बिनव्याजी कर्ज कोणाला नको असते? त्यामुळे १९२० नंतर गावोगावी चार, सहा, दहा नोटांच्या मालिका निघाल्या. एकेका नोटेवर गावच्या दंतकथेचा एकेक प्रसंग छापलेला असे, म्हणजे एक नोट मिळवणाऱ्याला उरलेल्या मिळवल्याशिवाय चैन पडू नये. जर्मन संग्राहक यांना "सेरियनशाइन", म्हणजे मालिका-नोटा, असेच म्हणतात. छापखानेवाले स्वतःच गावांकडे जाऊन मालिका सुचवू लागले. ज्या खेड्यात बाजारपेठ म्हणावी अशी एक गल्लीही नव्हती, त्यांच्याही नोटा निघाल्या, आणि खानावळी, मंडळे, प्रदर्शने यांनीही हात धुऊन घेतले.

खूण ओळखायची असेल तर आपल्या ७५ फेनिगच्या नोटा पाहाव्यात. पाऊण मार्काचे नाणे जर्मनीत नव्हतेच. व्यवहारात हा आकडा गैरसोयीचा, पण संग्राहकाकडून ५० ऐवजी ७५ मिळत असतील तर गावाच्या दृष्टीने सोयीचा. दुसरी खूण मुदतीची. "पालिकेने जाहीर सूचना दिल्यानंतर एका महिन्याने ही नोट बाद होईल" अशा अर्थाचे वाक्य कोपऱ्यात बारीक टायपात असते. ती सूचना गावच्या वर्तमानपत्रात येणार आणि नोट तीनशे किलोमीटरवरच्या कोणाच्या तरी वहीत असणार. काही नोटा तर छापील मुदत संपत आली असतानाच विक्रीला निघत.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, त्या चाळीस नोटांनी गावच्या दुकानात पाव मिळालाही असता, पण बहुतेकींनी तो कधी आणला नाही. अखेर १७ जुलै १९२२ च्या कायद्याने सरकारी परवानगीशिवाय असे पैसे काढायला बंदी केली. माझे स्पष्ट मत असे आहे की सेरियनशाइन या दिसायला सर्वांत देखण्या आणि चलन म्हणून सर्वांत खोट्या नोटा आहेत. आपल्या पेटीतली खरी वस्तू ती मळकी नोटच आहे.

जुनी पेठ

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत तीस वर्षे रोखपाल होतो. जर्मन चलनाचा अभ्यास नाही, परंतु भोकांचे कारण माझ्या धंद्यातले असल्यामुळे सांगू शकतो. मुदत ठेवीची पावती घेऊन ठेवीदार आला आणि रक्कम चुकती केली की आम्ही त्या पावतीवर "रद्द" असा शिक्का मारतो, कारण तीच पावती उद्या दुसऱ्या खिडकीवर पुन्हा येता कामा नये. पालिकेने स्वतःची नोट पैसे देऊन परत घेतल्यावर तिचेही तेच करायला हवे; भोके त्याचसाठी पाडली असावीत. नोटेवर जांभळट शिक्क्याचा पुसट ठसा आहे का, तेही उजेडात धरून पाहावे.

पडवीतला वाचक

जुनी पेठ यांचा अंदाज अचूक ठरला. खिडकीच्या काचेवर नोट धरली तेव्हा तिरपा शिक्का दिसला. त्यातला शब्द "बाद" याच अर्थाचा आहे. तारीख १९१८ ची आहे. खुर्दा यांचेही खरे निघाले. चाळीसांपैकी सदतीस नोटा १९२१ च्या आणि तीन १९२२ च्या आहेत, आणि त्यांना एक घडीदेखील पडलेली नाही.

तरीही सेरियनशाइनना सरसकट खोटे म्हणायला माझे मन घेत नाही. युद्धानंतर ज्या पालिकांच्या डोक्यावर कर्ज होते, ज्यांच्या हद्दीत बेकारांना आणि युद्धातल्या विधवांना पोसायचे होते, त्यांनी शौकिनांकडून चार पैसे काढले असतील तर ती फसवणूक म्हणावी, की गावजत्रेतल्या सोडतीसारखी खुशीची वर्गणी म्हणावी?

खुर्दा

सोडतीच्या तिकिटावर "ही सोडत आहे" असे लिहिलेले असते. नोटेवर नगराध्यक्षाची सही आणि "या चिठ्ठीचे ५० फेनिग मिळतील" असे वचन असते. हा फरक मला लहान वाटत नाही. वर्गणी जमवायला मात्र माझी हरकत नाही; मी स्वतः शंभर वर्षांनी ती भरतोच आहे.

गणिताची पाटी

दोघांच्या वादात १९२३ राहून जाऊ नये म्हणून लिहितो, कारण नोटगेल्डचा सर्वांत मोठा पूर त्या वर्षीचा आहे.

११ जानेवारी १९२३ रोजी फ्रेंच आणि बेल्जियन सैन्याने युद्धखंडणीच्या थकबाकीपोटी रूर हा कोळशाचा आणि पोलादाचा प्रदेश ताब्यात घेतला. जर्मन सरकारने तिथल्या लोकांना काम बंद ठेवायला सांगितले आणि त्यांचे पगार स्वतः देण्याचे कबूल केले. कर येत नव्हता, कोळसा येत नव्हता, पगार मात्र द्यायचे होते. ते नोटा छापून दिले गेले. युद्धापूर्वी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. १९२३ च्या जानेवारीत सुमारे १८ हजार पडू लागले, ऑगस्टमध्ये सरासरी ४६ लाख, आणि २० नोव्हेंबरला ४.२ लाख कोटी.

राइशबँकेने १३० हून अधिक खासगी छापखाने कामाला लावले आणि तरीही तिच्या नोटा पुरल्या नाहीत. ताब्यातल्या प्रदेशात जाणाऱ्या नोटांच्या खेपा फ्रेंच सैन्य जप्त करी, तेव्हा तिथल्या शहरांना स्वतः छापण्यावाचून गत्यंतर नव्हते. बाकीच्या देशातही पाच हजारांहून अधिक पालिका, जिल्हे, बँका, खाणी आणि कारखाने यांनी लाखांच्या, कोटींच्या, अब्जांच्या नोटा काढल्या. राष्ट्रीय रेल्वेने स्वतःचे पैसे काढले, रंगांच्या कारखान्यांनी काढले. आदल्या वर्षीच्या कायद्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. १९१४ मध्ये नाणे मिळत नव्हते म्हणून कागद आला होता. १९२३ मध्ये कागदच मिळेना, कारण सकाळी छापलेला आकडा संध्याकाळी अपुरा पडे. नवी छपाई होईपर्यंत जुन्याच नोटांवर लाल शाईत मोठा आकडा छापत. राइशबँकेनेच एक हजार मार्कांच्या नोटेवर आडवे "एक अब्ज मार्क" छापून ती चालवली.

आता थोडे गणित, ज्यासाठी खरे तर मी लिहायला बसलो. लहानपणी आपण एकं, दहं, शतं म्हणत पुढे कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध असे घोकले होते. कोटीच्या पुढचे शब्द कधी उपयोगाला येतील असे कोणाला वाटले नव्हते. १५ नोव्हेंबर १९२३ रोजी रेंटनमार्क हे नवे चलन आले तेव्हा जुने किती मार्क देऊन एक रेंटनमार्क मिळत असे? एकावर बारा शून्ये, म्हणजे बरोबर एक महापद्म. आणि राइशबँकेने छापलेली सर्वांत मोठी नोट एकावर चौदा शून्यांची होती, म्हणजे एक जलधी मार्कांची. खिशात एक जलधी घेऊन फिरणाऱ्या माणसाला नव्या चलनात शंभर रेंटनमार्क मिळणार होते. युरोपीय भाषांत हे आकडे सांगताना मोठा घोळ होतो, कारण जर्मन "बिलियन" आणि अमेरिकन "बिलियन" एक नव्हेत. जर्मन "बिलियन" म्हणजे आपले महापद्म. मराठीत वाचणाऱ्याची ही अडचण आपोआप टळते.

इंद्रायणी

याच काळातली एक शहाणपणाची वाट इथे नोंदवावीशी वाटते. मार्कावर विश्वास उरला नाही तेव्हा काहींनी नोटेवर मार्क लिहायचेच सोडून दिले. ओल्डेनबुर्ग राज्याने १९२२ च्या अखेरीस राय धान्याच्या किलोंमध्ये मोजलेले रोखे काढले. मुदतीनंतर तेवढ्या धान्याची त्या दिवशीची किंमत मिळायची. पुढे इतरांनी लाकूड, कोळसा, सोने किंवा डॉलर यांच्या मापाने चिठ्ठ्या काढल्या. याला "स्थिरमूल्य नोटगेल्ड" म्हणत. आपल्याकडे बलुतेदाराला वर्षाचे धान्य ठरलेले असे, तेव्हा पायलीचा भाव काय चालला आहे याची त्याला चिंता नसे. हिशेब त्याच जातीचा आहे. रेंटनमार्कामागेही शेतजमीन आणि उद्योगांवरचे तारणच दाखवले होते.

शाईवाली

माझे वडील पुण्यातल्या एका छापखान्यात खिळे जुळवत असत, त्यामुळे चलनाचा इतिहास वाचताना माझे लक्ष आधी छपाईकडे जाते.

वायमारच्या थुरिंगिया स्टेट बँकेने १९२३ च्या ऑगस्टमध्ये दहा लाख, वीस लाख आणि त्याहून मोठ्या मूल्यांच्या नोटा काढायचे ठरवले, तेव्हा त्यांची मांडणी बाउहाउस या कलाशाळेतल्या हर्बर्ट बायर या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडे सोपवण्यात आली. नोट म्हटली की वेलबुट्टी, मुकुट, देवीचे मुखडे आणि बारीक रेघांची जाळी असणार हा त्या काळचा रिवाज होता. बायरने सगळे वगळले. जाड, सरळ, शेपट्या नसलेली अक्षरे, मोठा आकडा, रंगाचे सपाट चौकोन आणि पट्टे, बस्स. त्याच्याकडे वेळ जेमतेम दोन-तीन दिवसांचा होता आणि नोट काही आठवडेच चालणार होती, म्हणून हे साधेपण जमले असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. रांगेत उभ्या माणसाला आकडा लांबून वाचता यावा एवढीच त्या नोटेची गरज आहे, हे फक्त त्यालाच उमगले होते. उत्तरेकडच्या इट्झेहो गावासाठी वेन्झेल हाब्लिक या चित्रकाराने केलेल्या नोटा याच्या अगदी विरुद्ध टोकाच्या, भरगच्च आणि स्वप्नाळू आहेत. त्याही मी पुनःपुन्हा पाहते.

खुर्दा यांनी ज्यांना खोट्या नोटा म्हटले, त्यांत छपाईच्या कारागिरांनी जीव ओतला आहे हेही विसरता येत नाही. बीलेफेल्ड हे तागाच्या कापडाचे शहर. तिथल्या नगर-बचत बँकेने कागद सोडून चक्क रेशमावर, तागाच्या कापडावर आणि मखमलीवर नोटा छापल्या, काहींच्या कडांना झालर शिवली. ओस्टरवीक या गावाने चामड्यावर छापल्या. मायसेनच्या प्रसिद्ध चिनी मातीच्या कारखान्याने तपकिरी मातीची नाणी भाजून काढली, त्यांवर कारखान्याच्या दोन तलवारींची खूण आहे. टेनिंगेनमध्ये ॲल्युमिनियमच्या वर्खावर छापले. रेशमावर शाई पसरू न देता इतकी बारीक अक्षरे उठवणे किती अवघड असते, ते ज्याने कापडावर ब्लॉक मारला आहे त्यालाच कळेल.

ओसरी

ऑस्ट्रियातल्या वोर्गल गावाने स्वतःचे पैसे काढून बेकारी दूर केली असे वाचल्याचे आठवते. ते नोटगेल्डच होते ना?

पडवीतला वाचक

ओसरी, दोन्हींची गल्लत सहज होते, कारण दोन्ही ठिकाणी पैसे गावानेच छापले, पण हेतू उलटे होते. वोर्गलचा प्रयोग १९३२ च्या जुलैमधला. तेव्हा चिल्लर मिळत नव्हती असे नाही. मंदीमुळे लोक पैसा खर्चच करत नव्हते. म्हणून नगराध्यक्ष मिखाएल उंटरगुगेनबर्गर यांनी अशा चिठ्ठ्या काढल्या की दर महिन्याला त्यांवर एक टक्का किमतीचे तिकीट चिकटवल्याशिवाय त्या चालू नयेत. चिठ्ठी जवळ ठेवली तर भुर्दंड, म्हणून जो तो ती पुढे ढकलत असे. ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेच्या आक्षेपावरून १९३३ मध्ये तो प्रयोग बंद करावा लागला. थोडक्यात, सेरियनशाइन काढणाऱ्या गावाला वाटे की नोट कोणी परत आणू नये, आणि वोर्गलला वाटे की ती कोणी ठेवून घेऊ नये.

नर्मदाकाठ

आमचे घराणे चार पिढ्या वडोदऱ्याचे. माझे आजोबा मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात राजकोटला कारकून होते, आणि त्यांच्या कागदांत मला लहानपणी आगपेटीच्या चित्राएवढे जाड पुठ्ठ्याचे तुकडे सापडले होते. त्यांच्यावर संस्थानिकाचे चित्र आणि एक पैसा, एक आणा असे मूल्य होते. पुढे कळले की ती काठेवाडातली "कॅश कूपन" होती. १९४२-४३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात सुट्या नाण्यांची इतकी टंचाई झाली की राजकोट, जुनागढ, मोरवी, गोंडल, नवानगर यांसारख्या अनेक संस्थानांनी अशी कूपने चालवली. जर्मन गावांच्या कथेशी नाते सांगणारी आपल्याकडची वस्तू हीच आहे असे मला वाटते. कारणेही तीच, म्हणजे युद्धाची धास्ती, नाणी दडवणे आणि धातू लढाईकडे वळणे. धातू वाचवण्यासाठी सरकारने १९४३ मध्ये काढलेला भोकाचा पैसा तर अनेकांच्या घरी असेल. आमच्याकडे तो लहान मुलांच्या करगोट्यात ओवलेला असे.

त्याआधी, पहिल्या महायुद्धात, चांदी कमी पडल्यामुळे १९१७ च्या नोव्हेंबरअखेर एक रुपयाची आणि १९१८ च्या जानेवारीत अडीच रुपयांची नोट निघाली होती. एक रुपयाच्या नोटेवर रुपयाच्या नाण्याचेच चित्र छापले होते, म्हणजे घेणाऱ्याला आपण नाणेच घेत आहोत असा दिलासा मिळावा.

इंद्रायणी

या नोटांच्या गोडव्यात एक गोष्ट झाकली जाऊ नये. गावोगावच्या दंतकथा आणि उत्तरेकडच्या बोलीतल्या खुसखुशीत कविता छापणाऱ्या याच कागदांवर हरलेल्या देशाचा रागही छापलेला आहे. श्लेस्विगमध्ये १९२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सार्वमत घेऊन डेन्मार्कशी नवी सीमा ठरली, तेव्हा तिथल्या नोटा मतदानाच्या प्रचारपत्रकांसारख्या झाल्या. आफ्रिकेतल्या गमावलेल्या वसाहती परत हव्यात असे सांगणाऱ्या संपूर्ण मालिका निघाल्या. काही गावांनी ज्यूंची विटंबना करणारी चित्रेही बिनदिक्कत छापली आणि ती नगराध्यक्षाच्या सहीने खपली. बारा वर्षांनी काय झाले ते सर्वांना माहीत आहे. अशा नोटा आज सर्वांत महाग विकल्या जातात, याचे मला संग्राहक म्हणून वाईट वाटते.

जुनी पेठ

एक व्यवहाराचा प्रश्न आहे. या नोटा जपायच्या कशा? माझ्या मेहुण्यांनी जुन्या हैदराबादी नोटा खळ लावून वहीत चिकटवल्या होत्या. काढताना मागची अर्धी छपाई वहीलाच राहिली.

खुर्दा

खळ, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन या तिन्हींपासून दूर राहावे. स्वस्त प्लॅस्टिकच्या पाकिटांतला मऊपणा आणणारा द्रव कालांतराने सुटतो आणि शाई ओढून घेतो; मी अशा सहा नोटा गमावल्या आहेत. पॉलिएस्टरची पाकिटे किंवा आम्लविरहित कागदाची घडी घ्यावी. सिगारच्या लाकडी पेटीत त्या ठेवूच नयेत, कारण लाकडातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो. मळकी नोट धुण्याचा मोह आवरावा. आणि भोके असल्यामुळे तिला बाजारात चाळीसांतल्या एकीपेक्षाही कमी भाव येईल, तेव्हा ती विकण्याचा विचार असेल तर आधी मला कळवावे.

पडवीतला वाचक

विकणार नाही. चाळीस नोटा कालच पाकिटांत घातल्या. पेटी रिकामी झाल्यावर तळाच्या कागदाखाली एक कपटा मिळाला, त्यावर पेन्सिलीने गावांची नावे आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण केलेली यादी आहे. अकरा गावांपुढे खूण नाही. त्या मळक्या नोटेच्या गावाचे नाव यादीत कुठेच नाही.